एका बाणावर दोन माणसं: १९८८चा ‘आइस हॉकी’ नव्यानं खेळताना

पावसाची झड लागली की कोल्हापुरात फुटबॉल खेळणाऱ्या पोरांचे हाल होतात. मैदानात घोट्यापर्यंत चिखल, आणि घरात तरी किती वेळ बसायचं? गेल्या पावसाळ्यात माझा अकरा वर्षांचा भाचा असाच दाराच्या चौकटीला टेकून पागोळ्या बघत उभा होता. त्याला म्हटलं, ये, तुला बर्फावरची हॉकी दाखवते. निन्टेन्डो या जपानी कंपनीचा १९८८ सालचा ‘आइस हॉकी’ हा व्हिडिओ गेम लावला आणि एक रिमोट त्याच्या हातात दिला. पहिलं सत्र संपायच्या आत त्यानं पाच गोल खाल्ले आणि रिमोट गादीवर ठेवून दिला.

“आत्या, ह्यो गेमच बोगस हाय. माझा गोली आपआपला पळून जातोय.”

गोली आपआपला पळत नव्हता. भाचाच त्याला पळवत होता, फक्त ते त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. हा गेम नव्यानं हातात घेणारी जेवढी माणसं मी पाहिली, त्यातली बरीचशी नेमकी इथंच कंटाळली. नव्वदीत हाच गेम खेळलेली आणि आता तीस वर्षांनी परत बसलेली मोठी माणसंसुद्धा. लहानपणी आपण तो कसा खेळायचो हे बोटांना आठवत नाही आणि कुणी सांगितलेलंही नसतं. म्हणून हा लेख. आइस हॉकीचा गंध नसलेल्या माणसानं हा गेम कुठून मिळवायचा, कसा लावायचा आणि कुठल्या क्रमानं शिकायचा, ते सांगते. तो क्रम मला महत्त्वाचा वाटतो: आधी गोलकीपर, मग पास, मग शॉट. सगळे नेमके उलट्या क्रमानं शिकायला जातात.

गेम कुठून आणायचा

माझ्या पिढीनं हा गेम ‘टीव्ही गेम’वर खेळला. निन्टेन्डोनं १९८३मध्ये जपानात फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं. त्याच्या नकला पुढं आपल्याकडं वेगवेगळ्या नावांनी खेळण्यांच्या दुकानांत आल्या. सोबत पिवळी कॅसेट, आणि तिच्या कागदावर हजारो गेमचा आकडा. त्यातले बरेचसे तेच तेच गेम वेगळ्या नावानं असायचे. आमच्या शाहूपुरीतल्या घरी असं एक यंत्र होतं. २०१९च्या महापुरात खालच्या कपाटात पाणी शिरलं, त्यात ते आणि सगळ्या कॅसेट गेल्या. गाळातून काढलेली एक कॅसेट मी अजून ठेवली आहे. ती चालत नाही.

त्या पिवळ्या कॅसेट परवान्याच्या नव्हत्या, हे आता स्पष्ट बोललं पाहिजे. गेम करणाऱ्यांना त्यातला एक रुपयाही मिळाला नाही. तेव्हा आम्हाला दुसरा पर्याय दिसत नव्हता. आज आहे, म्हणून मी नव्या माणसाला सरळ रस्ता सांगते: निन्टेन्डो स्विच हे गेमचं यंत्र. त्याच्या ‘स्विच ऑनलाइन’ या वर्गणीत जुन्या गेमचा एक संच मिळतो. सप्टेंबर २०१८मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या यादीतच ‘आइस हॉकी’ होता. आमच्या घरी भावाचा स्विच आहे, तोच आम्ही वापरतो. फक्त या एका गेमसाठी नवीन यंत्र विकत घ्या, असं मी म्हणणार नाही. ओळखीत कुणाकडं असेल तर एक रविवार त्याच्या घरी जा. तसाही हा गेम एकट्यानं खेळण्यात निम्मीच गंमत आहे.

दुसरा रस्ता म्हणजे अस्सल जुनी कॅसेट आणि जुनं यंत्र. हौस असेल तर जरूर करा, पण दोन गोष्टी आधी समजून घ्या. जपानी फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना असतात, अमेरिकन-युरोपीय यंत्राच्या कॅसेटला ७२. एकीची कॅसेट दुसऱ्यात बसत नाही, मध्ये जोडणी लागते. आणि अमेरिकन यंत्र आपल्याकडच्या जुन्या डब्बा टीव्हीला लावलं तर चित्र काळंपांढरं दिसू शकतं, कारण त्यांची रंगाची पद्धत वेगळी आणि आपली वेगळी. यंत्र बिघडलं समजून ते उघडून बसू नका.

जुनी कॅसेट चालली नाही की आम्ही तिच्यात फुंकर मारायचो. ते करू नका. फुंकरीतला ओलावा पिनांवर बसतो आणि धातू हळूहळू खराब होतो. कोल्हापूरच्या पावसाळी हवेत तर आणखीच. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात ‘आयपीए’ म्हणून मागितलं की आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली मिळते. कान साफ करायच्या कापसाच्या काडीला ते लावायचं, पिना हलक्या हातानं पुसायच्या, पाच मिनिटं वाळू द्यायच्या. काडी काळी होते ती बघून समाधान वाटतं.

इंटरनेटवर या गेमच्या फुकट प्रती ठेवणाऱ्या जागा पुष्कळ आहेत. त्या प्रती हक्कभंगाच्या आहेत, शिवाय सोबत काय उतरतं त्याचा भरवसा नाही. मी त्या वाटेनं जात नाही आणि कुणाला पाठवतही नाही.

टीव्ही आधी नीट करा

ही पायरी छोटी आहे, पण ती गाळली तर पुढचं सगळं शिकणं वाया जाईल. हा गेम सेकंदाला साठ चित्रं दाखवतो. जुन्या डब्बा टीव्हीवर बटण दाबलं की माणूस तिथल्या तिथं हलायचा. आताचे टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यासाठी त्यावर आधी आतल्या आत काम करतात, आणि तेवढा उशीर होतो. सिनेमा बघताना तो कळत नाही. गोल अडवताना मात्र कळतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राच्या यादीत ‘गेम मोड’ असतो, तो चालू करा. जुनं यंत्र असेल तर त्याच्या पिवळ्या-पांढऱ्या वायरी नव्या टीव्हीला लावायला कन्व्हर्टर लागतो. तो स्वस्तातला घेतला तर तोही थोडा उशीर घालतो.

फुटबॉल बघितला असेल तर अर्धं आलंच

शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल सामने बघत वाढलेल्या माणसाला आइस हॉकी परकी वाटायचं कारण नाही. दोन गोल, दोन गोलकीपर, पास आणि धक्काबुक्की. फरक तेवढे सांगते.

चेंडूच्या जागी रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. खऱ्या खेळातली पक तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची आणि साधारण १६० ते १७० ग्रॅमची असते. मैदानाभोवती फळ्यांची भिंत असते, त्यामुळं थ्रो-इन नाही. पक फळीवर आपटते आणि परत खेळात येते, आपल्या कॅरमसारखी. गोलची जाळी अगदी शेवटाला नसते, थोडी पुढं असते, म्हणून गोलच्या मागूनही फिरता येतं. फुटबॉलची सवय असलेला माणूस हे विसरतो आणि मागची वाट वापरतच नाही.

खऱ्या सामन्यात एका बाजूचे पाच खेळाडू आणि एक गोलकीपर असतात, वीस मिनिटांची तीन सत्रं. या गेममध्ये चार खेळाडू आणि एक गोलकीपर. सत्रं तीनच. ऑफसाइड नाही, त्यामुळं नव्या माणसाच्या डोक्याचा एक ताप वाचला. ‘आयसिंग’ मात्र आहे: आपल्या अर्ध्यातून पक सरळ पलीकडच्या गोलरेषेपार भिरकावली की पंच खेळ थांबवतो आणि फेस-ऑफ, म्हणजे पंच दोघांच्या मध्ये पक टाकून खेळ सुरू करतो तो, पुन्हा आपल्याच बाजूला होतो. म्हणजे संकट आलं की ‘मार लांब’ हा आमच्या पेठेतला बचाव इथं चालत नाही.

हा खेळ आपल्या देशात नाही असं समजू नका. लडाखमध्ये हिवाळ्यात तळी गोठली की पोरं-पोरी त्यावर खेळतात. भारताच्या महिला संघात मुख्यतः लडाखच्याच मुली आहेत, आणि २०२५च्या महिला आशिया चषकात त्यांनी कांस्यपदक मिळवलं. भाच्याला हे सांगितल्यावर त्यानं गेममध्ये भारताचा संघ शोधला. तो नाही.

देश, वेळ आणि वेग

संघ सहा आहेत: अमेरिका, कॅनडा, स्वीडन, पोलंड, सोव्हिएत संघ आणि चेकोस्लोव्हाकिया. शेवटचे दोन देश आता नकाशावर नाहीत. सोव्हिएत संघ १९९१च्या डिसेंबरात संपला, चेकोस्लोव्हाकिया १ जानेवारी १९९३ला दोन झाला. गेम निघाला त्याच वर्षी कॅलगरीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघानं सुवर्ण जिंकलं होतं. म्हणून नवे खेळाडू तोच संघ निवडतात.

निवडा, हरकत नाही. पण गेममध्ये देश बदलल्यानं फक्त कपड्यांचा रंग बदलतो, ताकद नाही. पोलंड घेतला म्हणून तुम्ही दुबळे होत नाही. खऱ्या इतिहासातही पोलंडनं १९७६च्या जागतिक स्पर्धेत कातोविचेला, म्हणजे आपल्याच घरी, सोव्हिएत संघाला ६-४नं हरवलं होतं. मी नेहमी पोलंडच घेते.

सत्राची लांबी ७, १० किंवा १५ मिनिटं ठेवता येते. पहिल्या आठवड्यात ७ ठेवा. वेग १ ते ५ पर्यंत आहे. १ वर बर्फ चिखलासारखा वाटतो आणि शिकलेलं पुढं उपयोगी पडत नाही. ५ वर काही दिसत नाही. २ वर सुरुवात करा, गोल खाणं कमी झालं की ३. माझं मत विचाराल तर ३ हाच या गेमचा खरा वेग आहे, तिथं विचारही करता येतो आणि घामही फुटतो.

चार माणसं निवडणं

आता गेमचा आत्मा. तुमच्या चारही खेळाडूंसाठी गेम तुम्हाला विचारतो: सडपातळ, मध्यम की जाड? नावं नाहीत, आकड्यांचे तक्ते नाहीत. तीन अंगकाठ्या, बस्स.

सडपातळ माणूस सगळ्यांत चपळ. फेस-ऑफला तो सरस ठरतो. पण त्याचा शॉट हलका असतो आणि एका धक्क्यात तो आडवा होतो. जाड माणूस संथ, फेस-ऑफला कच्चा, पण त्याचा शॉट तोफेसारखा आणि त्याला पाडणं अवघड. मध्यम माणूस मधलाच, कुठं फार चमकत नाही आणि कुठं दगाही देत नाही.

कुस्तीच्या गावात हे समजावून सांगायला वेळ लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या खासबाग मैदानात बसलेला प्रेक्षक अंगावर बघूनच अंदाज बांधतो, हा पेलणार की सुटून जाणार. फक्त तिथं एकास एक लढत असते. इथं चार जणांची भट्टी जमवायची असते, म्हणून ते तालमीच्या पैलवानापेक्षा तालमीच्या फुटबॉल संघासारखं आहे.

भाच्यानं पहिल्या दिवशी चारही जाड घेतले. त्याचं गणित सरळ होतं, पडणार नाहीत आणि जोरात मारतील. पण ते पकपर्यंत पोचेचनात. दुसऱ्या दिवशी चारही सडपातळ. पक सतत त्याच्याकडं आणि गोल एक नाही, कारण माझ्या जाड्यानं नुसतं अंगावर जावं आणि त्याचा माणूस पडावा. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, “एक जाडा, एक काटक, दोन मधले.” मी नव्या माणसाला हेच सांगणार होते. बरं झालं आधी बोलले नाही.

काटक, म्हणजे सडपातळ, माणसानं फेस-ऑफ जिंकायचा आणि पक पुढं न्यायची, मध्यमांनी ती सांभाळायची, आणि जाड माणसानं गोलसमोर जाऊन थांबायचं. ही मांडणी पहिले दोन आठवडे बदलू नका. रोज संघ बदलला तर आपण का हरलो ते कळत नाही. तिसऱ्या आठवड्यात दोन जाड, दोन काटक करून बघा. अवघड आहे, पण जमलं तर फार देखणा खेळ होतो.

गोलकीपर: इथं थांबा, इथंच वेळ घाला

तुमच्या रिमोटवरचे बाण तुमच्या खेळाडूला हलवतात, हे तर दिसतं. पण बचाव करताना तेच बाण त्याच वेळी तुमच्या गोलकीपरलाही हलवतात. तो गोलच्या तोंडाशी वर-खाली सरकतो. तुम्ही पकच्या मागं पडद्याच्या वरच्या बाजूला धावलात की गोलकीपरही वर सरकतो, आणि खालचा कोपरा उघडा पडतो. समोरचा तिथं पक ढकलतो. तुमची नजर मात्र धावणाऱ्या माणसावर असते, म्हणून वाटतं की गोली आपआपला पळाला.

एका बाणावर दोन माणसं बांधलेली आहेत. एवढं एक वाक्य ध्यानात ठेवलंत तर हा गेम तुमचा.

आता त्याचा उपयोग कसा करायचा? पडदा आडवा आहे, गोल डावीकडं आणि उजवीकडं. गोलकीपर फक्त वर-खाली जातो. म्हणजे तुमचा खेळाडू डावीकडं-उजवीकडं धावला तर गोलकीपरला त्रास होत नाही, वर-खाली धावला तर होतो. आडवं धावणं फुकट आणि उभं धावणं महाग. म्हणून पकवाल्या माणसाचा पाठलाग तिरका करायचा नाही. तो लांब असतानाच त्याच्या रेषेत उभे राहून घ्या, आणि मग सरळ आडवं त्याच्या अंगावर जा. तो रेषा बदलून वर गेला तर तुम्हीही वर जाल, गोलकीपरही वर जाईल, आणि त्या क्षणी ते बरोबरच असेल, कारण पकही वरच आहे.

दुसरी गोष्ट. समोरच्यानं गोलजवळ स्टिक मागं खेचली, म्हणजे तो शॉट घेणार. त्या क्षणी आपला खेळाडू विसरा. तो कुठं जाऊन आपटतो ते आपटू दे. डोळे फक्त गोलकीपरवर आणि बोट फक्त वर-खाली. नवा माणूस नेमकं शेवटच्या क्षणापर्यंत धक्का मारायला धावत राहतो, कारण नुसतं उभं राहणं त्याला हरल्यासारखं वाटतं.

हे अंगात भिनवायला मी एक सराव काढला आहे. दोघांनी बसायचं. एकानं फक्त हल्ला करायचा. दुसऱ्यानं पक मिळाली तरी पुढं न्यायची नाही, सरळ परत देऊन टाकायची, आणि पूर्ण सत्रभर नजर गोलकीपरवरून हलवायची नाही. मग अदलाबदल. चहा उकळेपर्यंत एक फेरी होते. दोन संध्याकाळी असं केलं की बोटं आपोआप जड होतात, उगाच वर-खाली जात नाहीत.

स्विचवर खेळत असाल तर आणखी एक सोय आहे. झेडएल आणि झेडआर ही दोन्ही बटणं एकत्र दाबून धरली की गेम मागं नेता येतो. गोल खाल्ला की मागं न्या आणि या वेळी पक बघू नका, आपला गोलकीपर बघा. तो कधी हलला, आणि तेव्हा आपण कुणाच्या मागं धावत होतो? भाच्याला मी तासभर बोलून जे पटवू शकले नाही, ते हे तीनदा बघून पटलं. सामना चालू असताना मात्र हे बटण वापरायचं नाही असा आमचा घरचा नियम आहे.

बर्फावर गोलकीपरचं मोल किती असतं त्याची एक गोष्ट भाच्याला फार आवडते. २२ फेब्रुवारी १९८०, लेक प्लॅसिडचं हिवाळी ऑलिंपिक, अमेरिका विरुद्ध सोव्हिएत संघ. सोव्हिएत गोलकीपर व्लादिस्लाव त्रेत्याक त्या काळात जगातला सर्वोत्तम मानला जायचा. पहिलं सत्र २-२ असं संपलं आणि प्रशिक्षक विक्टर तिखोनोव्ह यांनी त्रेत्याकला बाहेर बसवलं. अमेरिकेच्या संघात कॉलेजातली पोरं होती. त्यांनी तो सामना ४-३नं जिंकला. भाचा दर वेळी ऐकून एवढंच विचारतो, “पण त्याला काढला कशाला?”

पास आणि शॉट

बटणं दोनच. पक आपल्याकडं असताना ‘बी’ म्हणजे पास आणि ‘ए’ म्हणजे शॉट. पक समोरच्याकडं असताना ‘बी’नं खेळाडू बदलतो आणि ‘ए’नं धक्का बसतो.

काटक माणसाकडं पक असेल तर शॉट घेऊ नका. हा मोह आवरा. गोलसमोर मोकळी जागा दिसते, पण त्याच्या हातात जोर नसतो आणि गोलकीपर आरामात अडवतो. त्यानं फळीच्या कडेनं पक न्यायची, समोरचा बचाव स्वतःकडं ओढायचा आणि मधल्या जाड माणसाला पास द्यायचा. आणि इथं गोलकीपरच्या धड्याचं फळ मिळतं, कारण समोर बसलेल्या माणसाच्याही एका बाणावर दोन माणसं आहेत. तुमचा काटक वरच्या फळीला गेला, त्याला अडवायला समोरचा वर धावला, की त्याचा गोलकीपर वर सरकला. खालचा कोपरा मोकळा. तुम्ही गोलकीपरला न शिवता त्याला हलवलंत. बचाव नीट कळल्याशिवाय हा हल्ला सुचतच नाही, आणि म्हणूनच मी क्रमाचा इतका आग्रह धरते.

‘ए’ दाबून धरलं की खेळाडू स्टिक मागं खेचतो. जितकं धराल तितका जोर, आणि सोडताना वर किंवा खाली बाण धरून कोपरा निवडायचा. जाड माणसाला पूर्ण ताणून मारायची चैन फार वेळा मिळत नाही, तेवढ्यात कुणीतरी अंगावर येतं. अर्धा ताण पुष्कळ झाला. मध्यम माणसानं जवळून पटकन मारायचं. लांबून मारलेल्या शॉटनं गोल होतात, नाही असं नाही, पण त्यातून नवा माणूस चुकीची सवय लावून घेतो.

मारामारी

दोन खेळाडू पकवरून एकमेकांना ढकलत राहिले की बाकीचे गोळा होतात, धुमश्चक्री होते आणि पंच एकाला बाहेर पाठवतो. काही वेळ तुम्ही तीनच. पोरांना यातच मजा वाटते, पहिले दोन दिवस वाटू द्या. आपला माणूस बाहेर असेल तर पकच्या मागं अजिबात धावू नका, गोलसमोर उभे राहा आणि गोलकीपर सांभाळा. चौथा परत येईपर्यंत एवढंच काम.

दोन सत्रांच्या मध्ये बर्फ गुळगुळीत करणारी गाडी येते. तिला झॅम्बोनी म्हणतात, कॅलिफोर्नियातल्या फ्रँक झॅम्बोनी यांनी १९४९मध्ये ती पहिल्यांदा बनवली म्हणून. ती गाडी फिरते तेवढ्यात चहाचा घोट घ्या, किंवा रिमोट एकमेकांना द्या.

कुणासोबत खेळायचं

संगणकाविरुद्ध दोन-तीन सामने सरावापुरते खेळा, नंतर माणूस शोधा. संगणकाचा माणूस फसला की त्याचा चेहरा पडत नाही. शेजारी बसलेला माणूस वर धावणार की थांबणार, हे त्याच्या बसण्यावरून आणि श्वासावरून कळायला लागतं. या गेमची खरी खोली तिथं सुरू होते. स्विचचे दोन छोटे रिमोट सुटे करून आडवे धरले की दोघांची सोय होते, वेगळा रिमोट विकत घ्यावा लागत नाही. वयानं लहान खेळाडूसोबत बसलात तर त्याला मुद्दाम जिंकवू नका. वेग एकानं कमी करा, म्हणजे दोघांनाही विचाराला वेळ मिळतो, आणि मग मनापासून खेळा. पोरांना सोडून दिलेला गोल लगेच ओळखू येतो.

परवा पुन्हा झड लागली होती. वेग ३, सत्र ७ मिनिटांचं. माझा काटक वरच्या फळीनं पक घेऊन गेला, भाच्याचा माणूस धावत वर यायला निघाला आणि अर्ध्या वाटेत थबकला. मी मध्ये पास दिला, जाड्यानं स्टिक खेचली, खालच्या कोपऱ्यात मारलं. त्याचा गोलकीपर तिथंच उभा होता. भाचा काही बोलला नाही, पक घेऊन निघूनही गेला. सामना त्यानं ३-२नं मारला आणि पुढच्या सामन्याला संघ निवडायच्या पडद्यावर माझ्या आधी बोट पोलंडवर नेऊन ठेवलं.

“आत्या, आता तू रशिया घे.”